देवाच्या पानावरची सुकट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाही शेवटपर्यंत सांगेन की नाही, खात्री नाही. आधी भातुकलीचं सांगते.

भातुकलीत भात खोटा असतो, घर मात्र खरं असतं. आमच्या लालबागच्या चाळीत मी मांडलेल्या भातुकलीत तांदूळ नेहमी कमी पडायचे, कारण आमच्या घरी ते कमी पडायचे. शेजारची शालू पानं वाढताना पदर खोचल्यासारखं करायची, कारण तिची आई खोचायची. कुणी शिकवलं होतं आम्हाला? कुणीच नाही. पोरं बघतात — आणि मोठ्यांना वाटतं, खेळतायत.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. शालूचे काका गिरणीच्या गेटावर भाषणं करायचे, पोलीस त्यांच्या मागावर होते. ते गावाला गेलेत, असं शालूची आई साऱ्या चाळीला सांगे. आणि त्याच सुमारास शालूच्या भातुकलीत एक पान वाढलं. त्यावर भात, शेजारी वाळक्या पानांचा चुरा — ती सुकट, म्हणजे सुकी मासळी. वर करवंटी झाकायची, जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचं, नि ओठांवर बोट. काका त्यांच्याच पोटमाळ्यावर होते, आणि त्यांना सुकट आवडायची.

मला हे कळलं होतं. आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी स्वतःला लहान म्हणून सोडवीन.

खोली भाड्याने हवी म्हणून एक माणूस तेव्हा चाळीत घुटमळायचा. बोलायला गोड. त्या दुपारी तो आमच्यापाशी उकिडवा बसला, शालूचा खोटा भात जेवला, पोरीच्या हाताला चव आहे म्हणाला. बोळकी शालूची, सावंतवाडीची, रंगीत. म्हणून तिच्या भातुकलीत घरधनीण कायम तीच, आणि भांडी घासायला मी. त्या दुपारीही मी भांडीच घासत होते. मग त्याने हसत पायरीकडे बोट केलं. ते पान कुणाचं?

शालूचा चेहरा उतरला. पण पोर हुशार.

"देवाचो निवेद आसा," ती म्हणाली.

तेवढ्यावर निभावलं असतं. तो उठायलाही लागला होता. मला त्याने काही विचारलंच नव्हतं — मग मी का बोलले?

"देवाक कोण सुकट वाढता गो?"

त्याने करवंटी उचलून पाहिलं. मग ती हळूच, नीट, होती तशी झाकून ठेवली. शालूच्या दाराकडे एकदा मान वर करून बघितलं आणि गेला. मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी पोलीस आले ते थेट पोटमाळ्याखाली जाऊन उभे राहिले. काकांना जिन्यावरून फरफटत नेलं. कुणाजवळ बोललीस, म्हणत शालूच्या आईने तिला कालथ्याने मारलं. मी दारात उभी होते. शालूने माझ्याकडे पाहिलं, नाव घेतलं नाही. चांभारचौकशी करणाऱ्या साऱ्या चाळीने शालूलाच तोंडाळ ठरवलं, आणि मी त्यांच्यात मान डोलावली.

काका सुटून आले तेव्हा उजवा हात कामातून गेला होता. राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. काकांच्या बोटांत पेढा ठरेना, म्हणून शालू त्यांना भरवत होती. मग ती ताट घेऊन माझ्यापुढे आली, आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला.