गालाइतका ओलावा

मुलाकडे अमेरिकेत, क्युपर्टिनोला आले तेव्हा सहा महिने फार वाटले होते. सकाळी आठला मुलगा, सूनबाई आणि नातू बाहेर पडत. मग संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रीजचा आवाज.

शेजारी एक चिनी म्हातारी लेकीकडे राहायची, माझ्याच वयाची. तिचं गॅरेज दिवसा उघडं असे. आत गाडी नव्हती, लांब टेबल होतं. एकदा तिनं हात हलवून बोलावलं, तेव्हापासून मी रोज जाऊन तिथल्या स्टुलावर बसू लागले. तिला मराठी नाही, मला चिनी नाही, इंग्रजी दोघींनाही नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, त्यामुळे तिथे बरं वाटे.

सूनबाईनं तिच्या लेकीला विचारून सांगितलं, "आई, त्या चायनात आयुष्यभर हेच करायच्या. जुन्या पेंटिंगची कॉपी, लाकडाच्या ठशांनी."

"एकाच ठशात?"

"नाही हो, प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा."

डाळिंबाची फांदी आणि तिच्यावर एक पाखरू, असं चित्र होतं. वीस कागद एका कडेनं पट्टीखाली आवळलेले, वहीसारखे. ठशाला ब्रशनं पाण्यातला रंग लावायचा, एक कागद उलटून त्यावर पाडायचा, पाठीवरून काथ्याच्या गादीनं घासायचा. ती गादी हातात घेऊन पाहिली. माहेरी आम्ही काथ्याच वळायचो. विसांवर एक रंग झाला की ठसा बदलायचा. आधी फिकट पानं आली, मग देठ, मग डाळिंबाचा लाल. पाखरू सगळ्यात शेवटी येणार होतं, त्याची जागा कोरी होती.

"काय आई, आलं का पाखरू?" मुलगा रोज जेवताना विचारायचा.

एका दुपारी म्हातारी नातीला शाळेतून आणायला गेली. मला हातानंच 'बस' म्हणाली. कागद प्लास्टिकखाली होते. हात लावला तर दमट. ओलं असं झाकून ठेवलं की बुरशी धरते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाहेर कडक ऊन. मी पट्टी सैल केली, गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर चादर अंथरली आणि कुरडया घालाव्यात तसे कागद ओळीनं मांडले. कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि राखत बसले. इथं आल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडले असं वाटत होतं.

ती आली. एक कागद उचलून ठशावर धरला. कागद आक्रसला होता, फांदी ठशाशी जुळेना. तिनं सगळे गोळा केले आणि गॅरेजचं दार खाली ओढलं.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आई, ते ओलेच ठेवायचे असतात. आता सगळे गेले."

"असू दे ना यार," मुलगा तिला म्हणाला, "आईला काय माहीत?"

ते जास्त लागलं.

नऊ दिवस मी गेले नाही. खिडकीतून बंद दार दिसे. दहाव्या दिवशी ते उघडं दिसलं. मी गेले. सूनबाईनं 'सॉरी' म्हणायला सांगितलं होतं, ते राहूनच गेलं आणि मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. टेबलावर कोरे कागद होते. म्हातारीनं पाण्याचा रुंद ब्रश माझ्या हातात दिला. मी एक कागद ओला केला. तिनं माझा हात धरून त्याची मागची बाजू कागदाला लावली, मग स्वतःच्या गालाला, मग पुन्हा कागदाला. कागद फार भिजला होता. तो तिनं बाजूला टाकला. दुसरा जमला. मग वीसही मीच ओले केले.

उद्या माझं विमान आहे. आज निरोप घ्यायला गेले तेव्हा ती आत फोनवर बोलत होती. कागदांवर पानं आणि देठ आले आहेत. डाळिंब अजून नाही, पाखरू तर नाहीच. मी प्लास्टिक उचललं, हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहिली. एक कड सुकत आली होती. तिथं थोडं पाणी फिरवलं, प्लास्टिक नीट झाकलं आणि तिची वाट बघत स्टुलावर बसले.