अण्णांची पावलं

अण्णांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर पावलं मोजणारं ॲप मीच घातलं. आकडा माझ्याही फोनवर दिसायचा. लग्न होऊन मी रंकाळ्याजवळ, आई-अण्णा उचगावात. मला ती सोय फार आवडली. ऑफिसात तेव्हा सगळ्याच जणी असली ॲप वापरायच्या. एकीला सारख्या येणाऱ्या सूचनांचा वैताग, दुसरीला रंग गोड वाटायचे. मी शहाणी, पाच स्टार देऊन मोकळी झाले. खाली लिहिलंही, ‘वडिलांवर लक्ष ठेवायला उत्तम. खोटं बोलत नाही.’

अण्णा शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यात वाळू भरायचे. संध्याकाळी आकडा बघितला की माझं डोकं फिरायचं. पाचशे. सहाशे. फोन लावून मी त्यांना फैलावर घ्यायचे, “अण्णा, दिवसभर बसून असता का हो तुम्ही?”

“न्हाय झालं बघ आज चालणं,” एवढंच म्हणायचे.

आता चीड येते ती याचीच. भट्टीजवळ मोबाइल न्यायला बंदी होती. फोन आठ तास जेवणाच्या पिशवीत पडून असायचा. हे मला त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एकाने सांगितलं, तेही दवाखान्यात. अण्णा का बोलले नाहीत? आमच्याकडे काम ते काम, आणि व्यायाम म्हणजे तालमीतला. घमेली वाहण्यालाही चालणं म्हणतात, हे त्यांच्या गावीच नव्हतं. ॲपने त्यांना आळशी ठरवलं आणि त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. मीही केलं. मी, त्यांच्याच घामावर शिकलेली.

मग आकडा वाढला. एकदम दहा हजार! मी शाबासकी दिली. ड्युटी सुटल्यावर ते कारखान्यातले तेच जड सेफ्टी शूज घालून सर्व्हिस रोडवर फेऱ्या मारत होते. अंगठ्याला फोड आला, चिघळला. शुगरने बधिर झालेल्या पायाला ते कळलंच नाही. आईला मोज्यात रक्त दिसलं तोवर उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला.

ऑपरेशननंतर मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले, पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आज कायच न्हाय झालं बघ,” ते म्हणाले. “रागवू नगंस.”