नावेतल्या खोपीचा कुबट वास

मंडळी, आज सोनपेठचा बाजार. सकाळच्या खेपेला एक बाळंतीण तान्हं लेकरू घेऊन सासरी निघालेली. वारा लय सुटला होता, म्हणून मी तिला आमच्या नावेतल्या तट्ट्याच्या खोपीत बस म्हणलं. तिनं आत डोकावलं आन् पदर नाकाला लावला. "बाई, आत कायतरी कुजायलंय!" लेकराला छातीशी धरून ती बाहेर वाऱ्यातच बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मलाच ठाऊक होतं. आमचे मालक, म्हंजी घरधनी, निजामाची मोगलाई सोडून इंग्रजी मुलखात गेले, तवापासून मी खोपी झाडलीच न्हाई. माणूस परगावी निघाला की मागं केर काढत न्हाईत ना? नुसती उदाची धुरी देऊन मी वास झाकायची.

"पोरी, ते त्या दिवसापुरतं असतं," सासरे हळूच म्हणाले. "आता पावसाळाबी सरला."

मग आमी दोघांनी तट्टे सोडून उन्हात टाकले. फळ्या उचलून खालचं कुजकं गोणपाट काढलं, बूड चुन्याच्या पाण्यानं घासलं. सगळं खडखडीत वाळल्यावर निंबाच्या पाल्याची धुरी दिली. सांजच्या खेपेला दोन म्हाताऱ्या आत निवांत बसून गेल्या.

केर टोपलीभर निघाला. त्यात मालकांच्या विड्यांची थोटकं होती.

"उकिरड्यावर टाकून ये," म्हणून सासरे घरी गेले. टोपली अजून माझ्या पायाशीच हाय.

तुमी टाकून आला असता?