घमेल्यावरचे हात

"सांगा ताई, तुमच्या गँगच्या बाया आमच्या संग आहेत का नाई?"

पार्टीचे भाऊ जीपजवळ उभे राहून मले इचारत होते. नागपूरकडचे होते, म्हनून माह्याशी मराठीत बोलत. साइटवर तोपर्यंत मले कोनी 'तुमच्या' म्हटलं नव्हतं. ओव्हरसियर 'ए रेजा' म्हने. बस, तेवढ्यातच मी फसली.

रेजा म्हनजे बाईमजूर. भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तवा आमी ढलाईवर होतो. मशीनमंदून सिमेंट-गिट्टीचा माल निघे. तो घमेल्यात घ्या, लाकडाच्या बल्ल्या बांधलेल्या रस्त्यानं वर चढा, ओता, खाली या. मी भंडाऱ्याकडची. मले हिंदी येई, मोजता येई, म्हनून ठेकेदारानं मले मेट केलं. मेट म्हनजे गँगची हाजरी सांगनारी. बाकी बाया आजूबाजूच्या गावच्या, छत्तीसगडी बोलत. त्यातली सुकवारो माही जोडीदारीन. तिचं वावर कारखान्यात गेलं होतं. लेकरू अंगावर पीत होतं.

पार्टीची मांग होती, बायाईले उंचावर चढवू नका.

भाऊ म्हनत, "बाईच्या डोक्यावर घमेलं अन् पायाखाली बल्ली, हे आमाले पाहवत नाई."

बोलनं वाईट नव्हतं. आमच्यातलीच एक बाई वरून घसरून कंबर मोडून बसली होती. पन जेवताना बाया काय बोलत ते मले ठाऊक होतं. त्याईले पाहिजे होती लेकराईसाठी सावली. प्याले पानी. अन् चढताना धराले दोरी. चढनंच बंद करा, असं एकही बोलली नव्हती. कावून बोलन? खालचं खोदकाम सरत आलं होतं. राहिलं होतं ते सारं वरचंच.

हे मी भाऊले सांगाले पाहिजे होतं. तोंडावर आलंही होतं. पन त्याईनं जीपमंदून माह्यासाठी खुर्ची काढवली. मी बसली. मंग भाषन झालं, हिंदीत, मोठं मोठं. मधातच मशीन सुरू झाली. बाया घमेले उचलून लाइनीत लागल्या.

"जिनको मंजूर है, हाथ ऊपर," भाऊ वरडले. मशीनच्या आवाजात कोनालेच ऐकू गेलं नाई.

भाऊनं माह्याकडे पाहिलं. "किती जनी, ताई?"

मी लाइन पाहिली. हरेक बाईचा एक हात वर. घमेलं धरून.

"पाहा ना भाऊ," मी म्हटलं, "सारेच हात वर आहेत."

थट्टा होती. अर्धी. त्याईनं कागदावर लिहून घेतलं, 'सगळ्या'. मंग मले अंगठा मांगला. मी खुर्चीवरून उठली नाई, तसाच देल्ला. तवा ते थट्टा राहिली नाई.

ठेकेदारानं ही मांग लगेच मानली. सावली बांधा लागत नव्हती, दोरी आना लागत नव्हती. आठ दिवसांत वरच्या कामावर सारे गडीमानसं लागले. बायाईले सांगतलं, खालचं संपलं, आता येऊ नका.

भाऊ येऊन म्हने, "जिंकलो ताई." बाया तिथंच उभ्या होत्या.

सुकवारोनं मले इचारलं, "हमन कब हाथ उठाएन, दीदी?"

"त्या दिवशी," मी म्हटलं. "लाइनीत."

तिनं रिकामं घमेलं डोक्यावर धरून दाखवलं. "वो त घमेला ल धरे रेहेन, दीदी."

शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. तिनं घमेलं धुतलं, पालथं ठेवलं, लेकरू कमरेवर घेतलं अन् गेली. मंग मी तिले कधी पाहिली नाई. माही हाजरी मात्र चालू राहिली. मानसाईची मोजत होती.

आता भिलाईतच, खुर्सीपारले नातवाकडे राहते. टीव्हीवर कोनतीही पार्टी म्हनते, सारी जनता आमच्या संग. हात वर केलेले लोक दाखवते. नातसून म्हनते, "आजी, किती लोक हो."

मी म्हनते, "हात मोजू नको बाई. डोक्यावर काय आहे ते आधी पाह्य."