आमच्या साडूंचे चार कालखंड

आमच्या साडूंइतका सुराचा वेडा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकं कानाला न सोसणारं वाजवणाराही सापडणार नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे, त्यामुळे हे वाक्य मला घरात बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. साडू मूळचे मंद्रूपचे. सोलापुरात राहून, रोज गाडीने जाऊन-येऊन कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी केली, आता निवृत्त आहेत. पण ही झाली पोटापाण्याची हकिगत. शेजारच्या गल्लीत मल्लेश राहतो. घरात तेलुगू बोलणारा, उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागापुढे उभं राहून घालवलेला हा विणकर आणि आमचे साडू अशी ही जोडी. ही जोडी जे वाजवते त्याला संगीत म्हणावं का, यावरून आमच्या नात्यात दोन तट पडले आहेत. एका तटात साडू आहेत, दुसऱ्यात बाकीचे सगळे.

पुण्याहून लग्नाला आलेल्या एका तरुणाने त्यांचं वाजवणं ऐकलं आणि ‘हे तर सायकेडेलिक आहे’ असं सांगून तो जेवायला निघून गेला. त्या दिवसापासून साडूंना बिरुद मिळालं. “म्हंजे डोळं मिटलं की रंग दिसाय पायजेत,” ते भेटेल त्याला समजावतात. “आपली चादर कशी रंगीत असती? तसं.” “मला तर झोपच लागते,” असं ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाकघरातून म्हणते. नशेचं म्हणाल तर दोघांनाही कडक चहापलीकडे कशाचीच सवय नाही. चहा मात्र इतका लागतो की ताईचा खरा राग संगीतावर नसून दुधावर आहे.

त्यांची वाजवण्याची रीतही जगावेगळी. आवाज घुमायला हवा म्हणून साडूंनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत लाउडस्पीकर सोडला होता. टाकी भरलेली असताना तो सोडता येत नाही हे उघडच आहे. त्यामुळे या जोडीचा सगळा रियाज नगरपालिकेच्या, चुकलो, महानगरपालिकेच्या नळावर अवलंबून. पाणी आलं की संगीत बंद. चार-पाच दिवसांनी टाकीचा तळ दिसला की गल्लीतल्या बायका कपाळाला हात लावायच्या आणि साडू मात्र जिना चढताना शीळ घालायचे. पाणीटंचाईत आनंदी असलेला तेवढा एकच सोलापूरकर मी पाहिला आहे.

पहिल्या कालखंडात साडू बुलबुलतरंग वाजवायचे. लग्नाच्या बँडमध्ये असतो तोच, बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. पण साडू तो अशा वेगाने आणि इतक्या वरच्या पट्टीत नेत, की टाकीतून आवाज येई तेव्हा हजार पाखरं कोंडल्यासारखी वाटत. त्याखाली खर्जात मल्लेश जुन्या मागाच्या लाकडी रुळावर ताणलेली जाड तार ठोकायचा, मागाच्याच ठेक्यात. एकदा आमच्या वस्तीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात मी शब्द टाकून त्यांना वाजवायला बसवलं. अर्धा तास झाल्यावर पुढच्या रांगेतले एक काका उठून म्हणाले, “माइक टेस्टिंग झालं असंल तर कार्यक्रम सुरू करा की.” दुसरा कोणी असता तर त्याने वाद्य मोडून टाकलं असतं. साडू आठवडाभर ते वाक्य सांगत हिंडले.

मग दुसरा कालखंड आला. बुलबुलाचे वरचे सूर बंद झाले. “वरचा सूर म्हंजे निस्ता दिखावा,” साडूंनी जाहीर केलं. तिसऱ्यात बुलबुलच माळ्यावर गेला आणि खर्जाची पेटी आली, एकेक सूर जांभईएवढा लांब. चौथ्यात पेटीही गेली. राहिलं रिकामं तेलाचं पिंप आणि मल्लेशची जाड तार, दोन्ही छातीत धडधडणारी. “कलाकारानं कात टाकाय पायजे, साडूभाऊ,” ते मला म्हणत. पुण्याचा तो तरुण पुढच्या एका लग्नाला आला आणि याला तपस्या म्हणाला. मी याला म्हातारपण म्हणत होतो.

दोघंही चुकलो होतो. एका दुपारी मी गच्चीवर बसलो असताना मल्लेशच्या मांडीजवळ ठेवलेला फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि तो शांतपणे तार पुसत होता. तो गेल्यावर मी साडूंना त्या फोनचं विचारलं.

“मागानं खाल्लं त्याचं कान,” ते म्हणाले. “आदी वरचं सूर गेलं. मी वाजवायचो, आन् ह्यो माज्या तोंडाकडं बगत बसायचा, संपलं कवा ते कळाय. मग त्याला ऐकू न्हाय येत ते मी वाजवून काय करू? दोगांचं हाय न्हवं ते?” पिंप कोपऱ्यात सरकवत म्हणाले, “त्याच्यापायी सोडलं ते त्याला कळू देऊ नका. वाजवायचं सोडून घरी बसंल.”

ज्या बुलबुलासाठी हा माणूस कुर्डुवाडीच्या गाडीत मांडीवर बोटं नाचवत यायचा, तो त्याने असा एकेक सूर करून सोडला होता, आणि वर तत्त्वज्ञानाची झूल पांघरली होती.

यंदा मल्लेशच्या मुलीला नोकरी लागली आणि तिने बापाच्या कानाला मशीन घेतलं. मल्लेश ते लावून थेट गच्चीवर आला. साडूंनी मोठ्या उत्साहाने पिंप वाजवायला घेतलं. मल्लेशने हात वर केला.

“हे नको. बुलबुल काढ.”

“सोडला की त्यो. दिखावा—”

“तुला कंटाळा आला असंल, मला नाही आला. मी काय बोललो नाही, तुझी मर्जी म्हणून. पोरीला मीच म्हटलं, मशीन घे. मला बुलबुल ऐकायचाय.”

साडूंनी माळ्यावरून बुलबुल उतरवला, धूळ झटकली, तारा ओढल्या आणि वरच्या पट्टीत शिरले. बोटं शिरली नाहीत. इतकी वर्षं न वापरलेली, साठी ओलांडलेली बोटं एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना अडखळत होती. मल्लेशने मान वाकडी केली, कानातलं मशीन काढलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. “मशीनच बिघडलेलं दिसतंय,” तो म्हणाला. “असं नव्हतं वाजत.”

साडू खाली बघत म्हणाले, “व्हय. नवं हाय. बसंल हळूहळू.”

आता मल्लेश दर आठवड्याला मशीन नीट करून आणायला दुकानात जातो, आणि तो गेला की साडू बुलबुल घेऊन बसतात. परवा मी गेलो तेव्हा घामाघूम झाले होते, आणि बोटं तिथेच अडत होती जिथे मागच्या खेपेला अडली होती. फार वाईट वाटलं मला. जमतंय का, असं विचारलं.

“त्या मशीनवाल्याला सांगा, साडूभाऊ,” ते वर न बघता म्हणाले, “म्हणावं, घाई करू नको.”