आबांना मी पुलावर उभं केलं

मे महिन्यात तुम्ही दोघं जळगावला आलात तेव्हा बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. सकाळी दहाला दारं-खिडक्या लावायच्या आणि सहाला उघडायच्या, हे आमचं नेहमीचंच. तुम्ही मात्र दोन दिवसांत कंटाळलात. मग माळ्यावर तुमच्या बाबांचा जुना व्हिडिओ गेमचा डबा सापडला, मागच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला तो जोडला गेला, आणि पाच आठवडे त्या खोलीतून एकच उत्तर येत राहिलं, "आजी, एक मिनिट, आमची पाळी चालू आहे."

मी तेव्हा आत येऊन बघितलं नाही. कैऱ्या होत्या, कुरडया होत्या. पाच आठवड्यांत पाच मिनिटं मिळाली नसती का? मिळाली असती.

जाताना तुमच्यापैकी ताईनं मला बजावलं होतं. "आजी, हे काढू नकोस. आमचं सैन्य आत आहे. नवीन गेम सुरू केलास तर सगळं पुसलं जाईल." मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, सूचना द्यायची आणि पाळायची, दोन्हीची मला सवय आहे. डब्यावर धुतलेला रुमाल घातला आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

जुलैत एका दुपारी तो रुमाल मीच काढला आणि टीव्ही लावला. कारण विचाराल तर आजही सांगता येत नाही. पडद्यावर 'पुढे चालू ठेवा' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. नवीन सुरू करायचं नव्हतं, म्हणजे सूचना मोडत नव्हती. मी बटण दाबलं.

मला वाटलं होतं, धावपळ असेल, गोळीबार असेल. तसं काहीच नाही. चौकटीचौकटींचं रान, एक नदी, एक किल्ला. आपली माणसं निळी, शत्रूची लाल. आपण आपल्या एकेका माणसाला हलवायचं, आणि ते होईपर्यंत शत्रू गप्प उभा! मी मध्ये उठून कुकर लावून आले तरी तलवार उपसलेला तो माणूस तसाच. इतका सभ्य शत्रू मी कुठे पाहिला नाही. मग आपली पाळी संपली की तोच येऊन मारतो. हे मला अजून समजत नाही: ज्याला इतका वेळ थांबता येतं, तो मारतो कशाला?

आणि तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी मला सगळीकडे मागे टाकलंय. इथे मला कुणी घाई करत नव्हतं. कुठल्या चौकटीत कोण, पुढे ढालवाला, मागे तिरंदाज, हे मांडत बसायला मला फार बरं वाटायचं.

तुमचे आबा, म्हणजे रेल्वेत गार्ड म्हणून भुसावळला आयुष्य काढलेला माणूस, दारात उभे राहून म्हणाले, "शिकवण्या संपल्या, आता लढाया?"

"तुम्हीपण आहात यात," मी म्हटलं.

होतेच. भरती केलेल्या सैनिकांना तुम्ही घरातल्या माणसांची नावं दिलीत, हे मला तेव्हाच कळलं. इंग्रजी अक्षरांत 'आबा': पांढऱ्या दाढीचा, अंगभर चिलखत घातलेला, हळू चालणारा. 'आजी' म्हणजे पांढऱ्या झग्यातली एक बाई, तिला लढता येत नाही. ती जखमी माणसाजवळ जाऊन काठी उंचावते आणि तो बरा होतो. हे मला आवडलं का, ते अजून ठरलेलं नाही.

सैन्यात चौदा जण होते आणि प्रत्येक लढाईत आठच नेता येत होते. तुम्ही दर वेळी तेच आठ नेलेले दिसत होते. त्यांचे ताकदीचे आकडे वाढत गेलेले, आणि उरलेले सहा पहिल्या दिवशी आले तसेच कोरे. मला ते पटलं नाही.

श्रावण तोंडावर होता. आमच्याकडे कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात तो माणशी. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, मग तो घरी असो की समुद्रापार. एकाचीही मूठ चुकता कामा नये. (रीत पुरुषांची, पण ताईची मूठ मी दर वर्षी टाकते. कुणी विचारलेलं नाही.) सोनगीरहून माझ्या मोठ्या जाऊबाई गहू निवडायला आल्या होत्या. सूप घेऊन त्या टीव्हीसमोरच बसल्या.

"हाई काय शे माय?"

"नातवंडांचं सैन्य आहे, अक्का."

"बठ्ठा लढतस, पन जेवतस कव्हय?"

हे सगळे जेवतात कधी, ते मीही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "यातले सहा जण नुसते बसून आहेत, अक्का. त्यांना कुणी नेतच नाही."

"मंग तू ने," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

मी वहीत तक्ता आखला. लढाईचा क्रमांक, कोण जाणार, कोण विश्रांती घेणार. शाळेत स्नेहसंमेलनाला करायचे तसाच, प्रत्येक मुलाला एकदा तरी रंगमंचावर आणणारा. तीन लढाया बऱ्या गेल्या. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

चौथी लढाई पुलाची होती. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी सहाही कच्चे जण मैदानात होते आणि पक्के दोनच. त्यातले एक आबा. कच्च्यांना मागे ठेवून मी आबांना पुलाच्या तोंडावर उभं केलं. ते तिथे पाच पाळ्या टिकले. मग मी त्यांच्याजवळ पाठवायला काठीवाली शोधू लागले, आणि ती कुठेच नव्हती. तक्त्यात त्या दिवशी 'आजी'ची विश्रांती होती. मीच लिहिलेली, माझ्याच अक्षरात.

पुढच्या पाळीत आबा पडले. पडताना दोन ओळी बोलले, मागच्यांना सांभाळा अशा अर्थाच्या, आणि ती चौकट रिकामी झाली. लढाई आम्ही जिंकलो. मग पडद्यानं नेहमीसारखं विचारलं, जपून ठेवू का? मी नेहमीसारखं 'हो' म्हटलं. त्यानंतर सैन्याची यादी आली, तिच्यात तेराच जण.

या खेळात पडलेला माणूस परत येत नाही, हे पुढची लढाई सुरू करून पाहिल्यावर मला कळलं.

"कोण गेलं?" माझा चेहरा बघून आबांनी विचारलं.

"तुम्ही."

"केव्हा?"

"आत्ता. पुलावर."

"मग हा चहा कुणाला ओतलायस?" त्यांनी कप उचलला. मग खुर्ची ओढून बसले. "पोरांना सांगू नकोस. मेपर्यंत विसरतील."

मला तेवढं करता येईना. तुमचे पाच आठवडे त्या डब्यात होते. माझ्या घरात, माझ्या भरवशावर ठेवलेले. रुमालावर रुमाल घालून ठेवला तरी आत तेराच असणार होते. आणि मला रडू का येत होतं? आबा बाहेरच्या खोलीत मोठ्यानं पेपर वाचत होते.

रविवारी व्हिडिओ फोनवर मी सगळं क्रमानं सांगितलं. तक्ताही वाचून दाखवला.

"अगं आजी, सेव्ह का केलंस?" धाकटा ओरडला. "कुणी मेलं की लगेच बंद करून पुन्हा लावायचं! आम्ही तेच करायचो. आबा तर चार वेळा मेले होते."

चार वेळा! मला हे कुठे ठेवावं कळेना. म्हणजे तुमच्याकडे कुणीच मेलं नव्हतं ते तुम्ही हुशार होतात म्हणून नव्हे, तुम्ही हो म्हणत नव्हतात म्हणून. ही लबाडी की माया?

ताईनं मात्र फोन पलंगावर टाकला. स्क्रीनवर तिच्या खोलीचं छत दिसत होतं. ती निघून गेली होती. मी "ताई, ताई" म्हणत राहिले. मग धाकट्यानं फोन बंद केला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, तोही व्हिडिओचा.

"आजी, टीव्ही लाव. फोन त्याच्यासमोर धर."

मी धरला. तिनं तेरा जणांची यादी दोनदा वर-खाली करायला लावली.

"नवीन सुरू करू का गं?" मी विचारलं. "तू सांगशील तसं. मी पुन्हा सगळं..."

"नको," ती म्हणाली. "हेच चालू ठेव. पण आता मला विचारल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही. आणि तुला घ्यायचंच. दर वेळी."

"मला?"

"आजीला गं. काठीवालीला."

पुढची लढाई डोंगरातल्या किल्ल्याची होती. ती तिथून एकेकाचं नाव सांगत होती, मी इथून हलवत होते. लाल माणसं दिसल्याबरोबर ती म्हणाली, "सगळ्यांना मागे घे."

"अगं, लढायचं नाही?"

"आत्ता नाही."

"मग आपली माणसं काय करतील?"

"काही नाही. उभे राहतील."

याला लढाई म्हणतात का, मला माहीत नाही. ती शत्रूला घाबरली होती की मला, तेही कळलं नाही. मी एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हातानं आठही जणांना, तिनं सांगितलेल्या क्रमानं, एकेक करून मागे आणलं.