हयातीच्या दाखल्यातला चेहरा

माझा फोन सात वर्षांचा आहे. चालती वस्तू कचऱ्यात टाकणाऱ्यांचा मला रागच येतो. त्यामुळे काच फुटली तेव्हा नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडून दुसऱ्या एका जुन्या फोनचा डिस्प्ले बसवून घेतला.

"ओरिजनल हाय काका, लई टिकंल."

घरी येऊन बघतो तर पांढऱ्या स्क्रीनवर एक पुसट म्हातारा. डोक्यावर टोपी, गळ्यात हार. फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी तो तिथंच.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला म्हणाला, "ह्यो डिस्प्ले ज्या फोनचा, त्यो मंगळवेढ्याची माणसं विकून गेली की. म्हातारं वारलं, फ्रेम करायची राहिली. मग तेरा दिवस दिव्याजवळ त्योच फोन रात्रंदिवस चालू, त्यावर हार घातलेला फोटो. तो स्क्रीनमध्येच उमटून बसलाय. बदलू का?"

"कशाला? चालतंय की," मी ठसक्यात म्हणालो.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला बसलो. चेहरा दाखवायचा गोल स्क्रीनवर आला. मी फोन अजून तोंडासमोर धरलाही नव्हता, आणि गोलात म्हातारा आधीच होता.

मी चष्मा काढला. माझं तोंड त्याच्या हारात नेमकं बसलं, तेव्हा कुठं तो गोल हिरवा झाला.